एक फेरी जास्त

आप्पांना कम्प्युटर येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शंका काढायला नको. इंग्रजी येत नव्हतं. कीबोर्डला तर त्यांनी माझ्यादेखत एकदाही बोट लावलं नाही, कारण बोटाला तेल असतं म्हणे. तीस वर्षं मागावर काम केल्यावर कातडीत मुरलेलं तेल, ते काय साबणानं जातंय होय! आणि तरीही जगभरची माणसं मिळून लिहीत असलेल्या एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात चार ओळी आप्पांच्या आहेत. मी नुसती टाइप करणारी.

सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नव्वदीची शेवटची वर्षं. वडील बँकेत, साताऱ्याकडून बदली होऊन सुरतेत आलेले. मी बी.एस्सी. झालेली, आणि वर कम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स. "लग्न जमेपर्यंत कर काहीतरी," आई म्हणाली. ते काहीतरी म्हणजे शेठच्या कारखान्यातली कम्प्युटर रूम. रूम कसली, सुटे भाग ठेवायची जुनी खोली. तिथं एक मुख्य कम्प्युटर. त्याला वायरींनी जोडलेले चार पडदे: एक खात्यात, म्हणजे जिथं माग चालतात त्या शेडमध्ये, एक फोल्डिंगला, जिथं कापड तपासून घड्या घालतात, एक गोडाऊनला आणि एक माझ्यापुढं. शिवाय एक प्रिंटर, तो सुरू झाला की बाकीच्यांनी बोलणं थांबवायचं. कुठल्या मागावरून किती ताके उतरले ते यात भरायचं. ताका म्हणजे मागावरून निघालेलं शंभरेक मीटरचं अखंड कापड. सुरतेत पोराबाळांनाही हे ठाऊक असतं, पण साताऱ्याच्या माझ्या आत्याला चार वेळा समजवावं लागलं.

हे सगळं शेठच्या भाच्यानं बसवलं होतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यानं ती सिस्टिम घातली. शेठनं फक्त "मफत छे ने?" फुकट आहे ना, एवढं विचारलं आणि तांत्रिक बाजू संपली. मग भाचा परदेशी निघून गेला. मागं एक मोडेम, इंटरनेटचं एक खातं आणि एक सल्ला ठेवून गेला: अडकलं तर बंद करून चालू करा.

आणि ते अडकायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. चारही पडदे एकदम मुके. खात्यातून मुकादम ओरडायचा, फोल्डिंगवाले ओरडायचे, गोडाऊनवाला तर ओरडायला निमित्तच शोधत असायचा. तेव्हा बटण बंद करून पुन्हा चालू करायला एक माणूस ठेवला होता. तोच त्याचा हुद्दा. ते आप्पा.

आप्पा धुळ्याकडचे, राहायला सुरतेतच नवागामला. उमर पन्नाशीची. मागांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते. खात्यात जुन्या कारीगरांचं असंच होतं, कुणी त्याला आजार म्हणत नाही. पण डॉक्टरनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की अजून दोन-तीन वर्षं त्या गदारोळात काढली तर उरलेलंही जाईल. आप्पांनी ते शेठला सांगितलं. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं आप्पांना खात्यातून उचललं आणि बटणापाशी आणून बसवलं. म्हणजे ते मशीन त्या खोलीत होतं तोवर आप्पांचे कान शाबूत. एवढा सरळ हिशेब होता आणि तो कारखान्यात सगळ्यांना माहीत होता.

आमच्या घरी अहिराणीला "ती भाषा" म्हणत. पहिल्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "बठ व माय, उभी काब्रं?" बस ग बाई, उभी का. मी बसले, पण कपाळाला आठी घालून. पुढं माझ्याशी ते बेताची पुस्तकी मराठी बोलू लागले, आणि रागावले की पुन्हा आपल्या भाषेवर जात. बोलणं मात्र सदा वरच्या पट्टीत. "माय, पाणी आण" हे वाक्य गोडाऊनपर्यंत जायचं. माझं बोलणं त्यांना ओठांवरून कळे, म्हणून पडद्याकडं बघत बोललं की ते टेबल ठोकायचे. तोंड दाखवून बोल! खात्यात कारीगर हातवारे करून बोलतात, त्या खुणाही मला त्यांनी शिकवल्या. धाग्याचा तार तुटला, पाणी हवं, शेठ येतोय. शेठची खूण मी इथं सांगत नाही.

मशीनचं ते तळव्यानं ऐकत. रोज सकाळी मऊ ब्रशनं कीबोर्डची एकेक कळ झाडायची, मग कम्प्युटरच्या पेटीवर उजवा हात ठेवून डोळे मिटायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, नमस्कार करतायत. मीही एकदा केला. त्यावर "हा काय देव शे?" म्हणून मलाच रागावले.

बंद-चालू करणं हा त्यांचा धंदा, पण त्या उपायावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ही दवा नाही. ही खोड झोपवणं झालं. उठेल पुन्हा." खोड म्हणजे कापडातला दोष. प्रत्येक वेळी मशीन अडकलं की बटणाला हात लावण्याआधी ते उठून भिंतीवर खडूनं लिहीत: किती वाजले, कोण काम करत होतं, प्रिंटर चालू की बंद. फोल्डिंगवाल्यांच्या शिव्या चालू असायच्या, आप्पांना त्या ऐकू येत नसत, किंवा सोयीनं येत नसत. भिंत कमरेपासून छतापर्यंत भरली. मी म्हटलं, "आप्पा, याचं करायचं काय?" तर म्हणे, "भरली की वाचायची."

नवरात्रात शेठ स्वतः खोलीत आले. दोन दिवसांचे आकडे पुसले गेले होते. शांतपणे म्हणाले, "लाभपाचम सुधी जोईश. पछी आ डबलुं भंगारमां." सुरतेत दिवाळीनंतर लाभपंचमीला धंदा नव्यानं उघडतो. तोवर मशीन सुधारलं नाही तर भंगारात. मग मी घरी आणि आप्पा परत खात्यात. शेठ गेल्यावर मला रडू आलं. खरं सांगायचं तर आप्पांसाठी नाही, स्वतःसाठी. नगरचं एक स्थळ आईनं तोवर हेरून ठेवलं होतं.

आप्पांनी मान वर करून भिंत वाचायला घेतली. अर्धा दिवस लागला. मग म्हणाले, "देख. एकटा कुणी मशीनला हाक मारतो तेव्हा कधीच अडकत नाही. दोघं एकदम हाक मारतात तेव्हाच. फोल्डिंग अन् प्रिंटर. नाहीतर खातं अन् प्रिंटर."

त्या सिस्टिमची गंमत अशी होती की ती आतून कशी केलीय ते सगळं सीडीवर उघड लिहून दिलेलं होतं. कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, आणि दुरुस्ती ईमेलच्या टपालानं यादीतल्या हजारो माणसांना कळवावी. नव्या माणसांसाठी सूचनांचा एक कागदही होता. मी तो आप्पांना तोंड दाखवून वाचला. आधी वाचा, मग हात लावा. बरोबर, आप्पा म्हणाले. दोष पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे. एकदम बरोबर. कुणी रागावून लिहिलं तर मनाला लावून घेऊ नका. "हा माणूस खात्यात काम करेल शे," आप्पा म्हणाले, म्हणजे यानं खात्यात काम केलेलं आहे. शेवटची सूचना होती, बदल लहानात लहान तुकड्यात पाठवा. त्यावर आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय!

आमचे चारही पडदे आणि प्रिंटर ज्या कार्डाला जोडले होते, त्याचा कारभार पाहणारा भाग मी छापून काढला. तेवीस पानं. आप्पांनी ती टेबलावर कापडासारखी घडी घालून ठेवली. मी एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. मला तरी कुठं सगळी कळत होती! कोर्सात आम्हाला बेरजा शिकवल्या होत्या. आठ दिवसांनी एका ओळीपाशी आप्पांनी टेबल ठोकलं.

"थांब. प्रिंटरनं हाक मारली, हा गेला, काम केलं. मंग?"

"मग परत आला, बसला."

"बसला? तो तिकडं गुंतलेला तवा फोल्डिंगनं हाक मारली असेल तर?"

मी पुन्हा वाचलं. "ते नाही बघत."

"आरे देवा," आप्पा म्हणाले आणि कपाळावर हात मारला. "ह्याले कोनी माग नही शिकाडा."

मग त्यांनी मला शिकवलं. एका कारीगराकडं आठ माग असतात. एकाचा तार तुटला की तो जातो, गाठ मारतो. पण गाठ मारून झाल्यावर तो स्टुलावर येऊन बसत नाही. आधी आठही मागांवरून एक फेरी मारतो. गाठ मारताना दुसरा कुठला थांबला असेल तर तो कळायचा कसा? या गोंगाटात माग हाक मारत नाही, आपणच जाऊन बघायचं. सगळे चालू दिसले तरच बसायचं. "एक फेरी जास्त. पहिल्या दिवशी शिकवतात, माय. नवा पोरगा चुकला तर मुकादम कान पिळतो."

मी ती फेरी लिहिली. काम झालं की पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांकडं बघ, कुणी अडलेलं नसेल तरच परत ये. सिस्टिम नव्यानं बांधायला दुपार गेली. मग प्रिंटर आणि फोल्डिंग एकदम सुरू करून पाहिलं. नाही अडकलं! दहा वेळा केलं. नाही अडकलं. मी टाळ्या वाजवल्या. अकराव्या वेळी असं अडकलं की आजवर कधी अडकलं नव्हतं. फेरी संपेचना. गोडाऊनची वायर खराब होती, ती उगीचच सारखी हाक मारत होती, आणि आमचा कारीगर बिचारा फेऱ्याच मारत राहिला.

आता जाणत्यांना विचारणं भाग होतं. दिवाळीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. मी तो तेवढाच बदल टपालात लिहिला, तर आप्पा भडकले.

"तुकडा पाठवतेस? ताका कापून?"

तेव्हा मला कळलं की सूचनेच्या त्या ओळीवर ते गप्प का बसले होते. सुरतेत दोषाचा ताका कापत नाहीत. जिथं खोड आहे तिथं काठाला लाल दोरा बांधतात आणि अख्खा ताका पुढं पाठवतात. घेणारा स्वतः उलगडून बघतो. कापलेला तुकडा पाठवला तर तो विचारणार, बाकीचं कुठं लपवलं? तीस वर्षांची इमानदारी होती ती. मी वाद घातला. पण खरं सांगू का, कागदावरची सूचना कुणा परक्याची होती आणि आप्पा समोर बसले होते. मी त्यांचं ऐकलं.

शेठ दुपारी जेवून केबिनमध्येच पडत. तेवढ्या वेळात फॅक्सची लाइन मोडेमला लावायची, इंटरनेटसाठी अमदाबादचा नंबर फिरवायचा. तीन दुपारी लागल्या. त्या सिस्टिमचा जवळजवळ सगळा मजकूर आम्ही साठ-सत्तर टपालांत तोडून जगातल्या त्या हजारो माणसांच्या यादीवर पाठवला. आणि दोष होता तिथं, आप्पांच्या सांगण्यावरून, दोन ओळींच्या मध्ये इंग्रजीत लिहिलं: इथं लाल दोरा आहे.

उत्तरं आली. युरोपातल्या एका माणसाचं टेलिफोनचं बिल मिनिटावर चालत होतं, आमचा ताका उतरवून घेण्यात त्याची अख्खी संध्याकाळ गेली. त्यानं सविस्तर लिहिलं होतं.

"काय म्हनस तो?" आप्पांनी विचारलं.

"रागावलाय."

"वाच."

"आप्पा, शिव्या आहेत."

"शिव्या गाळून वाचलं तर कळायचं कसं किती रागावलाय? वाच."

मी वाचलं. तोंड दाखवून. बँकेतल्या माणसाच्या मुलीनं एवढ्या शिव्या मोठ्यानं उच्चारण्याची आमच्या घराण्यातली ती पहिलीच वेळ. गोडाऊनवाला दारात येऊन उभा राहिला. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगला माणूस शे. शिवी देतो म्हणजे त्यानं उघडून तरी पाहिलं."

दुसऱ्या एकानं तो लाल दोरा काय प्रकार आहे ते विचारलं होतं. तिसरं पत्र होतं त्या भागाचं काम पाहणाऱ्या माणसाचं. दोनच ओळी: काय बदललं तेवढंच पाठवा, आणि का बदललं ते लिहा.

"म्हणजे कापाच म्हणतोय," मी म्हटलं.

चार दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. माझा जीव टांगणीला. शेठनं भंगारवाल्याला निरोपही धाडला होता. पाचव्या दिवशी आप्पा आले, कीबोर्ड झाडला आणि म्हणाले, "असं सांग ना मग, तो नमुना मागतोय. नमुन्याला कापतात. नमुना चालतो." आणि मग बजावून सांगितलं, नमुना कापताना खोडीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं चांगलं कापड ठेवायचं, म्हणजे तो कुठून कापला ते बघणाऱ्याला कळतं. मी सूचनांचा कागद पुन्हा काढला. त्यात हेच लिहिलं होतं: बदललेल्या ओळींच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी तशाच ठेवून पाठवा. मी आप्पांना ते दाखवलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. कापड म्हटलं की असंच असणार.

मी नमुना पाठवला आणि खाली आठ मागांची सगळी गोष्ट लिहिली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. उत्तर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आलं. तुमच्या विणकराचं बरोबर आहे, पण फेऱ्यांना मर्यादा घाला; ठरावीक फेऱ्या झाल्या की त्याला बसू द्या, खराब वायर नंतर बघता येते.

आप्पा खूश झाले. "हां! फेऱ्या मोजून मारायच्या. पायबी राहतात अन् मागबी." मोजणी घातली. सिस्टिम बांधली. गोडाऊनची खराब वायर तशीच ठेवून, सगळ्यांना एकदम कामाला लावून, आप्पांनी मला चाळीस वेळा करायला लावलं. चाळिसाव्यांदाही चालूच. आप्पांनी ओला फडका घेतला आणि भिंत पुसून काढली. मी रडले, आणि यावेळी थोडी त्यांच्यासाठीही.

लाभपंचमीला कारखाना उघडला. मशीन चाललं. एक आठवडा, दोन आठवडे. गोडाऊनवाल्याला ओरडायला काही मिळेना, तो उदास झाला. आप्पा रोज यायचे, ब्रश फिरवायचे आणि बटणासमोर बसून राहायचे. मग एके दिवशी शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं, पेढा दिला, आजपासून तू कम्प्युटर इनचार्ज म्हणाले. आणि आप्पा सोमवारपासून खात्यात.

मी म्हटलं, "शेठ, त्यांचे कान..."

"बेन," शेठ अगदी गोड आवाजात म्हणाले, "जे मशीन अटकतुं ज नथी, एनी सामे माणस बेसाडीने हुं शुं करुं?"

अडकतच नाही अशा मशीनसमोर माणूस बसवून ते काय करणार? यावर काय उत्तर होतं? एकच होतं: मग मीही येत नाही. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर नगरचं स्थळ आलं आणि मी पेढा खाल्ला. त्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटायलाच हवी.

आप्पांना मीच सांगितलं. तोंड दाखवून. त्यांनी ब्रश झटकून माझ्या टेबलावर ठेवला. "मशीन अडकत राहिलं असतं तरी गेलोच असतो ना, माय," म्हणाले. "तवा हे बंद पडेल असतं. आते निदान चालू शे." माझीच समजूत काढत होते.

दोनेक वर्षांनी त्या काम पाहणाऱ्या माणसाचं पत्र आलं. आमचा बदल नव्या आवृत्तीत गेला होता, आणि तसली कार्डं वापरणाऱ्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी कळवलं होतं की आता त्यांचीही मशीनं अडकत नाहीत. मी पत्र छापून घेतलं आणि रविवारी नवागामला गेले. एक खोली, बाहेर पाण्याचा पिंप. आप्पा खाटेवर बसले होते. मी समोर बसून तोंड दाखवून वाचायला लागले, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "नका ताई. आता काहीच ऐकू येत नाही. नजरबी कमी झाली, ओठ समजत नाहीत. मोठं मोठं लिहून दाखवा."

मी वहीचं पान मागितलं आणि मोठ्या अक्षरांत सगळं मराठीत लिहिलं. पान डोळ्यांशी नेऊन, एकेका शब्दावर बोट ठेवत आप्पांनी ते वाचलं. आता काहीतरी बोलतील, खूश होतील, अशी मी वाट बघत होते.

"तिकडं," त्यांनी विचारलं, "त्यांच्याकडंबी बटणापाशी माणूस होता का?"

माझ्या हातात पेन होतं. मला काय माहीत, कुठल्या देशात कुणाच्या खोलीत कोण बसलं होतं ते? मी लिहिलं, "नव्हता."

त्यांनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. "मंग बरं," म्हणाले, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला.